वाड्याच्या दाराचं टेबल
जुन्या सागवानी दाराला काळे लोखंडी पाय लावून जळगावच्या फ्लॅटमध्ये जेवणाचं टेबल, कल्पना झकास आहे. पण चौकटीतल्या फळ्यांच्या फटी एपॉक्सीने (वाळून कडक होणाऱ्या रेझिनने) भरू असं तुमचा सुतार म्हणतो, ते करू नका. खानदेशातल्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं. चौकटीच्या खाचेत फळीला सरकायला जागा उरली नाही की ती तडकते. त्यापेक्षा वर 10 मिमी टफन्ड काच, तिच्याखाली पारदर्शक रबरी बटणं, म्हणजे ओल अडकत नाही. वर आलेले कडी-कोयंडे आधी काढा. जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका, हीट गनही नको, त्यात शिसं असू शकतं. रिमूव्हर लावून खरवडा. काचेसकट उंची 75 सेंमी. खुर्च्या मात्र अगदी साध्या घ्या, नक्षीदार नकोतच.