अनुभव धागा : सोन्याची चेन – भरीव घेतली की पोकळ?

2025 मध्ये दहा ग्रॅम सोन्याने लाखाचा टप्पा ओलांडला, तेव्हापासून सराफाच्या काउंटरवर एक वाक्य फार ऐकू येतं : "ताई, हे लाइटवेटमध्ये बघा, दिसायला दोन तोळ्यांचं, वजन आठ ग्रॅम." लाइटवेट म्हणजे बहुतेक वेळा पोकळ. त्यात फसवणूक काहीच नाही, पण घेणाऱ्याला ते नीट सांगितलं जात नाही आणि पावतीवरही लिहिलं जात नाही. माझ्या नात्यात या वर्षी दोन लग्नं आहेत आणि घरोघरी हाच विषय सुरू आहे. ज्यांनी पोकळ वापरली, भरीव वापरली, मोडली, डाखून (म्हणजे ज्योतीने सांधून) घेतली, विकली, त्या सगळ्यांनी लिहावं. किती वर्षं, कशी वापरली आणि पुढे तिचं काय झालं, हे आलं तर सगळ्यांनाच उपयोग होईल. दुकानांची नावं नकोत.

सांगली, शाळेत शिक्षिका

आईला साठीला आम्ही भावंडांनी दोरी चेन केली. जाड, पिळाची, गळ्यात सुरेख दिसायची. आई ती रोज घालायची, झोपतानाही. तिसऱ्या वर्षी हुकाजवळ तुटली. गल्लीतल्या सोनाराकडे नेली. त्याने डोळ्याला भिंग लावून तुटलेलं टोक उजेडात धरलं आणि मलाही दाखवलं. आत चक्क भोक होतं, बारीक नळीसारखं, आणि कडेचा पत्रा इतका पातळ की नखाने चेपत होता. तो म्हणाला, "डाख द्यायला ज्योत लावली तर शेजारच्या दोन कड्या वितळून बसतील. तुटलेला भाग काढून चेन आखूड करून देतो." तसंच केलं. पुढच्या वर्षी दुसरीकडे तुटली. आता ती मोडीत घालून आईला साधी भरीव चेन केली आहे. बारीक आहे, पण आई निर्धास्त आहे.

कोल्हापूर, घरचा धंदा सोनारकामाचा

पोकळ चेन कशी होते ते सांगतो, म्हणजे वरचा अनुभव का आला ते कळेल. तांब्याच्या किंवा लोखंडाच्या तारेवर सोन्याचा पातळ पत्रा गुंडाळतात. ती तार ओढून बारीक करतात, तिच्या कड्या पाडतात, विणतात, झाळतात, म्हणजे डाख देऊन जोडतात. मग अख्खी चेन ॲसिडमध्ये सोडतात. आतली तार विरघळून जाते, बावीस कॅरेटच्या सोन्याला काही होत नाही. उरते ती सोन्याची नळी. काम कौशल्याचं आहे, त्याला नावं ठेवू नका.

पण चेन झिजते कुठे? कडी कडीवर घासते तिथे, आतल्या बाजूला. भरीव कडीत झिजायला माल असतो, वर्षानुवर्षं निघतात. पोकळ कडीत पत्रा झिजला की थेट भोकच. शिवाय घडी पडली किंवा उशीखाली दाबली गेली की पोचा पडतो आणि तो बाहेर काढता येत नाही, कारण आत हत्यार जात नाही.

हॉलमार्कबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. 916 म्हणजे सोनं 91.6 टक्के शुद्ध. सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, मोबाइलवर तपासला की तो दागिना कोणत्या शुद्धतेचा ते कळतं. चेन भरीव की पोकळ, याबद्दल हॉलमार्क काहीच बोलत नाही. दोन्ही 916 असू शकतात, दोन्ही खरीच. शुद्धता मोजणारं कॅरेट मशीनही फक्त वरचा थर वाचतं. तेव्हा सरळ विचारा : "पोकळ आहे का?" आणि पावतीवर लिहून मागा. प्रामाणिक सराफ कधी नाही म्हणत नाही. तेवढ्याच जाडीची आणि लांबीची भरीव चेन शेजारी मागून दोन्ही तळहातांवर घ्या. फरक लगेच कळतो.

ठाणे

दुसरी बाजू लिहिते. मला मानेचा त्रास आहे. लग्नाकार्यात पाच तोळ्यांचा हार घालून तासन्‌तास उभं राहणं जमत नाही. माझा लांब हार पोकळ आहे, वर्षातून चार वेळा निघतो, मऊ कापडात सरळ पसरून ठेवते. कित्येक वर्षं झाली, जसाच्या तसा आहे. झुमके आणि मोठे टॉप्ससुद्धा पोकळच घ्यावेत, भरीव असते तर कानाची पाळी तुटली असती.

सातारा

आपल्याकडे पोकळ दागिना नवा नाही. आजीची बोरमाळ माझ्याकडे आली. तिचे मणी पोकळच, आत लाख भरलेली. कोल्हापुरी साजाची पानंही तशीच. लाख आत असल्यामुळे पातळ पत्रा चेपत नाही, हे जुन्या कारागिरांचं डोकं. आजच्या पोकळ चेनमध्ये आत काहीच नसतं, म्हणून दोन्हींची तुलना करू नये.

मात्र बोरमाळ गाठवायला दिली तेव्हा दोन मणी चिरलेले निघाले. ते झाळण्याआधी लाख पूर्ण काढावी लागते, नाहीतर उष्णतेने ती उकळून बाहेर येते. गाठवणाऱ्याने ते सगळं समोर बसवून केलं, लाख वेगळी तोलून दाखवली. मोडीत घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. लाखेसकट वजन आणि सोन्याचं निव्वळ वजन यांत बराच फरक पडतो. गहाण ठेवतानाही लाख, खडे वजा करूनच किंमत धरतात. मंगळसूत्राच्या वाट्यांतही बऱ्याचदा लाख असते, हे कितीजणींना माहीत आहे?

पुणे, हिशेबाची सवय असलेली

मजुरीकडे लक्ष द्या. पोकळ कामाला मेहनत जास्त, म्हणून मजुरीचे टक्के सहसा जास्त लागतात. समजा आठ ग्रॅमच्या भरीव चेनला 10 टक्के आणि तेवढ्याच वजनाच्या पोकळला 18 टक्के. म्हणजे एकीकडे 0.8 ग्रॅम सोन्याचे पैसे मजुरीत गेले, दुसरीकडे 1.44 ग्रॅमचे. मोडताना मजुरी परत मिळत नाही, वर घट (वितळवताना येणारी तूट) कापतात. जीएसटीचे 3 टक्केही गेलेच. ज्यांना सोनं अडीनडीला हवं आहे त्यांच्यासाठी माझं मत ठाम आहे : भरीव, आणि तेही साध्या नक्षीचं.

न्यू जर्सी

इकडे 14 कॅरेट चालतं, शिक्का 585, म्हणजे 58.5 टक्के सोनं. बावीसपेक्षा कडक, त्यामुळे पोकळ चेनही थोडी जास्त तग धरते. एक गोष्ट इकडची चांगली : आतून पोकळ असलेल्या वस्तूला ‘सॉलिड गोल्ड’ म्हणून विकता येत नाही. 14 कॅरेटचीही भरीव असेल तर सॉलिडच. म्हणजे तो शब्द शुद्धतेसाठी नाही, घडणीसाठी आहे. भारतातून आलेले पाहुणे हमखास इथे गोंधळतात, सॉलिड म्हणजे चोवीस कॅरेट समजतात. भाच्यासाठी घेताना मी वर्णनातला हाच शब्द शोधते आणि मग ग्रॅम बघते.

हुपरीजवळचं गाव

चांदीबद्दल एकच सांगतो. बाळाचे वाळे पोकळ घेतले तर वजन कमी, पायाला बरे. पण रांगायला लागलं की फरशीवर आपटून पोचे पडणारच, त्यात जीव अडकवू नका. पुरुषांचं कडं आणि गळ्यातली चेन मात्र भरीवच. चांदी एवढी परवडते.

नाशिक

सगळं वाचलं. मुलाला नोकरी लागली, त्याला चेन करायची आहे. तो रोज घालणार, जिमलाही जातो. बजेट सहा ग्रॅमचं. दुकानात जाड पोकळ आणि बारीक भरीव अशा दोन्ही दाखवल्या, मुलाला जाड आवडली. काय करू?

कोल्हापूर, वरचाच

भरीवच करा. सहा ग्रॅममध्ये अठरा इंचांची चांगली होते, वीस इंचांचा हट्ट नको. फार बारीक विणीची नको, कडी मोकळी आणि ठसठशीत दिसेल अशी निवडा, म्हणजे जाडही वाटेल आणि तुटली तर कुठलाही सोनार डाखून देईल. हुक आणि शेवटची कडी भरीव आहे ना, ते स्वतः बघा, कारण भरीव चेनलाही कधीकधी हुक पोकळ लावतात आणि तुटते तिथेच. पेंडंट जड असेल तर त्याची कडीही जाड करून घ्या. आणि जिमला जाताना काढून ठेवायला सांगा.