मदत हवी आहे : १८८३ चं सोनेरी ५ सेंट, मुलामा तेव्हाचा की नंतरचा?

अमेरिकेचं १८८३ चं नाणं, मागे नुसता रोमन ‘व्ही’ (म्हणजे ५), ‘सेंट्स’ हा शब्द नाही. तेव्हा अशी नाणी सोन्याचा मुलामा देऊन ५ डॉलर म्हणून खपवली गेली. पण शोभेसाठी नंतरही मुलामा दिला गेलाय, गोची तिथेच.

वजन ५.०२ ग्रॅम (५ डॉलरचं ८.३६ भरतं), म्हणजे मूळ नाणं ठीक वाटतं. चुंबक चिकटत नाही, पण ७५ टक्के तांबं असल्याने त्यावरून काहीच ठरत नाही. १० पट भिंगाखाली लिबर्टीचे (नाण्यावरच्या स्वातंत्र्यदेवीचे) केस झिजलेले दिसतात, मुलामा मात्र झिजेवरही अखंड! त्यामुळे नंतरचाच असावा असं वाटतं. पण कडेला ५ डॉलरसारख्या रेघा पाडल्यात, अंतर असमान; त्यावरून तेव्हाची फसवणूकही वाटते.

आम्ल लावायचं नाही, घासायचंही नाही. सराफाकडे एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू ओळखायची तपासणी) होईल. त्यातून मुलाम्याचा काळ कळेल का, की रेघांच्या खाचांत मुलामा उतरलाय का हेच पाहू?