आमिशांचं फोनचं खोपटं
आमिश म्हणजे अमेरिकेतला जुन्या, साध्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ. हे लोक तंत्रज्ञान सरसकट नाकारतात असं म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरच्या आमिशांनी १९१०च्या सुमारास फोन घराबाहेर काढला, तोडून टाकला नाही. आम्ही तिकडे गेलो तेव्हा शेताच्या कडेला जुन्या संडासाएवढं लाकडी खोपटं दिसलं. आत फोन आणि सुतळीला बांधलेली पेन्सिल. तीन-चार घरांत मिळून एक. कामापुरतं बोला, गप्पा मारायच्या तर शेजारी जा! सुताराच्या शेडमध्ये करवतसुद्धा डिझेल इंजिनाने दाबलेल्या हवेवर चाललेली. बॅटरी चालते, बाहेरून तारेने येणारी वीज नको. गंमत वाटते खरी, पण हे नियम त्यांची मंडळी वर्षातून दोनदा एकत्र बसून पक्के करतात. मत बायकांनाही असतं. धर्मगुरू मात्र पुरुषच.