स्वतंत्र पक्ष राजांनी बुडवला की विलीनीकरणांनी?

पैनगंगाकाठ
काल इथं एकानं लिहिलं, "स्वतंत्र पक्ष म्हणजे संस्थानिक आणि गिरणीमालकांचा क्लब. इंदिराबाईंनी १९७१ ला गुंडाळला, बरं झालं." एका पक्षाची पंधरा वर्षं दोन ओळींत निकालात. रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पक्ष निघाला कशावरून? जानेवारी १९५९, काँग्रेसचं नागपूर अधिवेशन, सहकारी सामुदायिक शेतीचा ठराव. बांध मोडा, जमिनी एकत्र करा. त्याविरुद्ध राजाजी (सी. राजगोपालाचारी), रंगा, मिनू मसानी, क. मा. मुन्शी उभे राहिले. जूनमध्ये मद्रासला घोषणा, ऑगस्टमध्ये मुंबईत पहिलं अधिवेशन. पहिले अध्यक्ष एन. जी. रंगा, आंध्रातल्या किसान चळवळीतला माणूस. १९६२ ला १८ खासदार, १९६७ ला ४४, म्हणजे लोकसभेतला सर्वांत मोठा विरोधी पक्ष. गुजरातेत भाईलालभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली ६६ आमदार. ते खेड्यातल्या पाटीदारांच्या मतांवर आले होते. 'लायसन्स-परमिट-कोटा राज' हा शब्द राजाजींनी दिला, तेव्हा बोलायचीही कुणाची हिंमत नव्हती.

माझं म्हणणं एवढंच की हा पक्ष उसन्या बळानं मेला. बिहारात रामगढच्या राजांचा जनता पक्ष (१९७७ चा नव्हे, त्यांचा स्वतःचा) आत घेतला, १९६२ ला ५० आमदार आले. मग राजे काँग्रेसमध्ये निघून गेले आणि १९६७ ला तिथले आमदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. ओडिशात संस्थानिकांची गणतंत्र परिषद विलीन करून घेतली, १९६७ ला सिंहदेव मुख्यमंत्री झाले. पण मतं त्यांच्या जुन्या संस्थानाच्या पुण्याईची होती. खुल्या बाजारासाठी तिथं कुणी शिक्का मारला नव्हता. १९७१ ला संघटना काँग्रेस (फुटीनंतरचा इंदिराविरोधी गट), जनसंघ आणि समाजवाद्यांबरोबर 'इंदिरा हटाव' करत फिरले, ८ खासदार उरले. मसानी राजकोटला पडले. १९७२ च्या डिसेंबरात राजाजी गेले. १९७४ ला पिलू मोदींनी उरलंसुरलं चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात नेऊन ओतलं. चारदा दुसऱ्याचा खांदा घेतला, स्वतःचे पाय कधी केलेच नाहीत.

खारेपाट
"शेतकऱ्यांचा पक्ष" हे किती वेळा ऐकायचं? शेतकरी म्हणजे कोण? तुमच्या पक्षाच्या लेखी ज्याच्या नावावर सातबारा तो. जो कसत होता तो नाही.

मी अलिबागजवळच्या गावचा. माझे पणजोबा १९३३ च्या चरीच्या संपात, म्हणजे खोत-सावकारांविरुद्धच्या कुळांच्या संपात होते. नारायण नागू पाटलांच्या शब्दावर गावांनी शेतं ओसाड टाकली, ती वर्षानुवर्षं. रानातून लाकूडफाटा आणून विकला, मासळीवर दिवस काढले, पण सावकाराच्या शेतात नांगर घातला नाही. त्यातून पुढे कूळकायदा आला. १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक झाला. आणि १९५९ ला तुमचे राजाजी मालमत्तेचा हक्क धोक्यात आला म्हणून पक्ष काढतात! आमच्या घरी मालमत्ता येऊन दोनच वर्षं झाली होती.

पैनगंगाकाठ
दादा, दोन गोष्टींची गल्लत करू नका. पक्ष कूळकायद्यावर निघाला नाही, सामुदायिक शेतीच्या ठरावावर निघाला. तुमच्या आजोबांच्या नावावर चढलेली ती जमीन सामुदायिक शेतीत पुन्हा गेलीच असती. त्यांच्याही बाजूचंच बोलणं होतं ते.

खारेपाट
मग १९६४ च्या सतराव्या घटनादुरुस्तीला विरोध कशाला केला? राज्याराज्यांतले जमीनसुधारणा कायदे नवव्या परिशिष्टात टाकून कोर्टापासून वाचवायचे होते. विरोधात सगळ्यात पुढे तुमचीच मंडळी. शिवाय कसणाऱ्याची कमाल मर्यादेतली जमीन घ्यायची तर बाजारभावानं भरपाई द्यावी लागेल, ही अट त्याच दुरुस्तीत आली, ती सोयीनं विसरता.

कुंभारवाडा
मूळ प्रश्न महाराष्ट्राचा घ्या. इथं हा पक्ष रुजलाच नाही. मी १९६७ ला कॉलेजात होतो, कोल्हापुरात. शेतकऱ्याच्या घरात काँग्रेस, नाहीतर शेकाप (शेतकरी कामगार पक्ष). तिसरं नाव नाही. ऊस कारखान्याला, कर्ज सोसायटीचं, कारखान्याचं संचालक मंडळ काँग्रेसचं. अशा माणसाला "सरकारचा हात नको" म्हणून सांगणार कोण? त्याची भाकरीच त्या हातात. आणि संयुक्त महाराष्ट्राचे हुतात्मे डोळ्यांसमोर ताजे असताना मुंबईच्या पेढ्यांवरचा पक्ष मराठी गावात कोण घेणार?

आणि कारखान्याचं निघालंच आहे तर सांगतो. आमच्या भागातल्या एका कारखान्यानं माझ्या उसाचं बिल सलग दोन हंगाम थकवलं. सभेत विचारायला उठलो तर माइक बंद केला. सहकार म्हणे!

दापोलीकरीण
कूळकायद्याचं कौतुक ऐकून ऐकून कान किटले. माझी आजी १९५५ ला विधवा झाली. पदरात तीन मुलं, दोन एकर भातखाचरं आणि थोडी कलमं. खोत नाही, सावकार नाही. हाताशी माणूस नाही म्हणून शेजाऱ्याला अर्ध्या वाट्यानं कसायला दिली. विधवेला कायद्यात मुदत होती म्हणतात, पण तिला ते सांगणार कोण? तलाठ्यानं अंगठा घेतला, जमीन गेली. आजी दुसऱ्यांच्या घरी पापड लाटत वारली. चरीचा सावकार आणि माझी आजी तुम्हाला एकच वाटतात का?

खारेपाट
ताई, वाईट वाटलं. पण एका आजीच्या गोष्टीनं लाखो कुळांचा न्याय खोटा ठरत नाही. आणि "शेजाऱ्याला कसायला दिली" यातला तो शेजारी कोण होता, हेही कधीतरी विचारा. त्याच्याही घरी आजी असेल.

दापोलीकरीण
तोंड सांभाळून लिहा. माझ्या आजीच्या उपासमारीवर तुम्ही मला शहाणपण शिकवू नका. त्या शेजाऱ्याची मुलं आज त्याच जमिनीचे गुंठे पाडून मुंबईकरांना विकतात. कसणाऱ्याची जमीन ना? कोण कसतंय तिथं?

खारेपाट
आणि कायदा नसता तर तुमच्याकडे कोण कसत असतं? तुम्हीही विकलीच असती. आमच्याकडे निदान ३२-म चं, म्हणजे कूळकायद्यातलं जमीनखरेदीचं प्रमाणपत्र आहे, किंमत भरून घेतलेलं. फुकट नाही घेतली. आजोबांनी बारा हप्ते फेडले. शेवटच्या हप्त्याला आजीच्या पाटल्या गेल्या.

दापोलीकरीण
पाटल्या तरी होत्या.

कुंभारवाडा
दोघंही थांबा. धागा स्वतंत्र पक्षाचा आहे, दापोली-अलिबागचा फेरफार नोंदवायला बसलेलो नाही आपण.

अंबेठाणचा_रस्ता
मला वाटतं तुम्ही सगळे शेतकरी संघटनेच्या शरद जोशींना विसरलात. राजाजींना महाराष्ट्रात जो शेतकरी भेटला नाही, तो जोशींना चाकणच्या कांद्यात भेटला. १९८० ला नाशकात उसा-कांद्यासाठी रस्ते अडले. 'भीक नको, हवे घामाचे दाम' हे राजाजींचंच म्हणणं होतं, फक्त गावच्या तोंडात आलं. १९९४ ला पक्ष काढताना नावही स्वतंत्र भारत पक्ष ठेवलं. आणि लक्ष्मीमुक्तीत हजारो शेतकऱ्यांनी बायकांच्या नावावर जमीन केली. दापोलीच्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर कायद्यानं दिलं नाही, ते इथं दिलं गेलं.

कुंभारवाडा
आणि त्या पक्षाचं काय झालं? सभेला लाख, मतपेटीत हजार. वामनराव चटप राजुऱ्यातून आले, ते त्यांच्या स्वतःच्या कामावर. खुद्द जोशी २००४ ला राज्यसभेत गेले ते भाजपच्या मदतीनं. पैनगंगाकाठ, तुमचा उसन्या बळाचा सिद्धांत तुमच्याच माणसाला लागू होतो. याचं उत्तर द्या.

पैनगंगाकाठ
लागू होतो. मान्य करायला जड जातंय, पण होतो. मी संघटनेचा बिल्ला वर्षानुवर्षं छातीवर लावला आहे आणि त्या निर्णयानं आमच्या गावातली निम्मी पोरं घरी बसली. तरी राज्यसभेत महिला आरक्षणाच्या विधेयकाविरुद्ध एकट्यानं मत दिलं त्यांनी. मला ते मत पटलं नाही, पण सोबतच्यांना न विचारता उभं राहायची धमक त्यांच्यात होती. आणि मूळ स्वतंत्र पक्षाचंही सगळंच विरघळलं नाही. महाराष्ट्र शाखेच्या लोकांनी १९९६ ला मुंबई उच्च न्यायालयात याचिका घातली, की पक्ष नोंदवायला समाजवादाची शपथ का घ्यावी. १९८९ च्या दुरुस्तीनं ती सक्ती आली. म्हणजे राजाजींचा पक्ष आज पुन्हा काढायचा तर आधी समाजवादी आहोत म्हणून लिहून द्यावं लागतं.

खारेपाट
शपथेची सक्ती चूक आहे, तेवढं मानतो. पण तुमच्या पक्षाला शेतकरी का भेटला नाही याचं उत्तर अजून दिलेलं नाही. १९७० ला संस्थानिकांच्या तनख्यांवरून कोर्टात माधवराव शिंदे, बँकांच्या राष्ट्रीयीकरणावरून आर. सी. कूपर. राजाची आणि शेअरवाल्याची बाजू घेऊन कोर्टाची पायरी चढणारे दिसले. कुळाची, नाहीतर कापसाची बाजू घेऊन कोण चढलं?

पैनगंगाकाठ
कापसाचं तुम्ही काढलंत, बरं केलं. १९७२ पासून आमच्याकडे एकाधिकार खरेदी. कापूस सरकारलाच घालायचा, चुकारे महिनोन्‌महिने नाहीत. पलीकडे आदिलाबादेत भाव जास्त. बाबांनी एका रात्री बैलगाडीत सहा क्विंटल कापूस घेऊन पैनगंगा उतरायचा बेत केला. मी आठ वर्षांचा, गाडीच्या मागे कंदील झाकून चालत होतो. पात्रात पोलिसांनी धरलं. स्वतःच्या रानातला कापूस, स्वतःच्या बैलांनी नेला, आणि पंचनाम्यात शब्द होता 'तस्करी'. बाबा दोन रात्री कोठडीत होते. त्या दिवसांत विधानसभेत आमच्यासाठी बोलायला स्वतंत्र पक्षाचा एक माणूस असता तर मी आज एवढं लिहीत बसलो नसतो. नव्हता. तुमचं तेवढं खरं आहे. राजांच्या मागे फिरण्यात त्यांची वर्षं गेली, पैनगंगेपर्यंत ते पोचलेच नाहीत.

खारेपाट
कापसाचं माहीत नव्हतं. आमच्याकडे भातावर लेव्ही होती, म्हणजे ठरावीक भात सरकारला घालायची सक्ती, आजोबा कणगीच्या तळाशी दोन मण लपवायचे. आमच्या घरात ही गोष्ट कुणी मोठ्यानं सांगत नाही.

दापोलीकरीण
खारेपाट, आजीच्या जमिनीचे जुने फेरफार तहसिलीतून मागवलेत. त्यात नोटीस बजावल्याची नोंद कुठं बघायची असते? तुमच्या घरी ३२-ग ची, म्हणजे जमिनीची किंमत ठरवल्याची कागदपत्रं असतील, म्हणून विचारते.

खारेपाट
आहेत. ३२-ग च्या निकालपत्रात वरच्याच परिच्छेदात नोटिशीची तारीख असते. आमच्या प्रतीवरची नावं झाकून उद्या इथंच टाकतो, तुमच्याशी ताडून बघा.