पाळणाघर बघायला गेल्यावर नक्की काय बघायचं? (कोल्हापूर)

शाहूपुरीची_आई
मुलगी दीड वर्षाची आहे, पुढच्या महिन्यात परत कामावर जायचंय, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळं घरी ठेवणं शक्य नाही. दोन पाळणाघरं बघून आले. एक एकदम चकाचक, एसी, भिंतीवर कार्टून, मोबाईलवर कॅमेरा दिसतो, पण 14 पोरं आणि ताई एकच, त्यातली निम्मी रांगणारी. विचारलं तर म्हणे मॅडम लाईव्ह दिसतंय की तुम्हाला. दुसरं घरगुती, एक काकू आणि त्यांची सून, सहा मुलं, दोघी प्रेमळ वाटल्या पण घर जुनं, बाथरूमचं दार उघडं आणि आत काठोकाठ भरलेली बादली. मिस्टर म्हणतात पहिलंच बरं. मला काय कळेना.

तांबडा_पांढरा
कॅमेऱ्याचं काय सांगू नका ताई. आमचं पोरगं होतं तिथं पण कॅमेरा होता, एका पोराच्या घशात शेंगदाणा अडकला आणि तिथल्या दोघी नुसत्या बघत उभ्या, शेजारचा माणूस धावत आला म्हणून वाचलं. कॅमेऱ्यात सगळं व्यवस्थित रेकॉर्ड झालंय, उपयोग काय? थेट विचारायचं, घशात अडकलं तर काय करता, सीपीआर येतो का. आता कोल्हापुरात सरकारी दवाखान्याचं नावच सीपीआर, त्यामुळं सीपीआर म्हटलं की लोक त्या थोरल्या दवाखान्याचा रस्ता सांगतात 😄 पण मी छातीवर दाब देतात ते म्हणालोय. आणि अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं एवढ्या लहान पोरांना द्यायचीच नाहीत.

सेविका_उचगाव
मी अंगणवाडीत आहे, बरीच वर्षं झाली. लहान मुलांची देखभाल आणि शिक्षण यावरच्या 2013 च्या राष्ट्रीय धोरणात तीन वर्षांखालच्या 10 मुलांमागं एक मोठं माणूस आणि तीन ते सहाच्या 20 मागं एक असं दिलंय. हे पण कमीत कमी हं, रांगणारी 10 पोरं एकटीनं सांभाळून बघा म्हणजे कळेल. म्हणजे 14 ला एक हे कागदावर पण बसत नाही. उलट काकूंकडं सहाला दोघी.
पण बादलीचं मात्र आधी बघा, त्यात तडजोड नको. या वयात डोकं जड असतं, वाकून आत पडलं तर पोराला स्वतःहून उठता येत नाही, वीतभर पाणी पण पुरतं. बादली रिकामी करून पालथी आणि दाराला वर कडी, खर्च शून्य.
आणि एकदा न सांगता जा, दुपारी पोरं झोपायच्या वेळेला. शी काढल्यावर हात साबणानं धुतात का नुसते पदराला पुसतात ते तेव्हाच दिसतं.

पाळणाघरवाली
मी चालवते म्हणून दुसरी बाजू सांगते, राग मानू नका. सगळ्यांना पाच मुलांमागं एक ताई पाहिजे आणि फी विचारली की तोंड वाकडं. मग ताईला पगार काय देणार, ती चार महिन्यांत मॉलमध्ये कामाला लागते आणि पोरं परत नव्या माणसाकडं रडत जातात. त्यामुळं ताई किती दिवस टिकलीय हे विचारा, ते एसीपेक्षा महत्त्वाचं. आणि सकाळी तापाचं औषध पाजून पोरगं सोडू नका हो, दुपारपर्यंत औषध उतरतं आणि बाकीची पण आजारी पडतात.

हिशोबनीस_कागल
ताई तुमच्या कंपनीत माणसं किती? 50 किंवा जास्त असतील तर मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीपासून पाळणाघराची सोय करणं कंपनीवर बंधनकारक आहे, आणि दिवसातनं चार वेळा बाळाला बघून यायला सोडावं लागतं. माणसं म्हणजे फक्त बायका नाही, सगळे मिळून.

शाहूपुरीची_आई
130 आहेत! आणि एचआरनं मला कधी चकार शब्द काढला नाही. आज मेल टाकलाय, बघू काय म्हणतात, तोपर्यंत तरी काकूच. काल दुपारी न सांगता गेले, पोरं झोपलेली आणि सून तिथंच बसून मेथी निवडत होती. बादलीचं बोलले तर काकू जरा फुगल्या, इतकी वर्षं काय झालं नाही म्हणाल्या, पण संध्याकाळी त्यांच्या मुलानं कडी बसवल्याचा फोटो पाठवला. कोण न्यायला येणार त्यांचे फोटो आणि लसीचं कार्ड मागितलंय. कार्डाची झेरॉक्स चालते ना, का ओरिजिनल द्यावं लागतं?

सेविका_उचगाव
झेरॉक्सच द्या, ओरिजिनल हातातनं सोडू नका.