पुन्हा: हर्निया शिबिर – जाळीचे कापड आणावे की नाही?

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.
आपले जिंजा गावचे काका पुढील आठवड्यात मुंबईहून येथे युगांडात, कंपालास परतत असून, हर्नियाच्या शस्त्रक्रियेत पोटाच्या भिंतीला आधार म्हणून बसवायचे मच्छरदाणीच्या जाळीचे कापड ठरल्याप्रमाणे आणण्यास तयार आहेत. मात्र शिबिराच्या रुग्णालयातील तंत्रज्ञ आज दूरध्वनीवर म्हणाले की त्यांच्या ऑटोक्लेव्हचे (दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचे) १२१ अंशांचे बटण चालत नाही आणि यंत्र केवळ १३४ अंशांवर चालते. कापड आणावे किंवा कसे, हे कृपया गुरुवारपर्यंत कळवावे, कारण काकांना सामानात जागा राखून ठेवायची आहे.
– सचिव

सचिव महोदय,
मच्छरदाणीचे कापड मुंबईहून आणण्याचा खटाटोप मला मुळातच समजलेला नाही. येथे सरकारने मोफत वाटलेल्या मच्छरदाण्या कित्येक घरांत घडीसुद्धा न मोडता पडून आहेत, त्यांतीलच चार मागून घ्याव्यात. शस्त्रक्रियेसाठी मिळणारी तयार जाळी एका रुग्णामागे शंभर डॉलरच्या वर जाते आणि गणेशोत्सवाच्या शिलकीत ती बसणार नाही, याबाबत मात्र माझे दुमत नाही.
– खजिनदार

खजिनदारसाहेब,
मोफत वाटलेल्या मच्छरदाण्यांच्या धाग्यात कीटकनाशक असते आणि तसले कापड रुग्णाच्या पोटात ठेवणे हा गुन्हाच ठरेल, तेव्हा तो विचार आपण येथेच सोडून द्यावा. आपल्याला हवे आहे ते कीटकनाशकविरहित, ठरावीक विणीचे प्लास्टिक धाग्याचे कापड. दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी अशा कापडाचे तुकडे निर्जंतुक करून हर्नियासाठी वापरले आणि त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे याच युगांडात, पूर्वेकडील कामुली येथे, ३०२ पुरुषांवर स्वस्त जाळी आणि महागडी जाळी यांची रीतसर तुलना झाली. वर्षभरानंतर स्वस्त जाळीच्या गटात एकाच रुग्णाला हर्निया पुन्हा झाला, तर महागड्या जाळीच्या गटात एकालाही नाही, म्हणजे दखल घ्यावी असा फरक आढळला नाही. या शस्त्रक्रिया जागेवरच्या भुलीत, म्हणजे केवळ तेवढाच भाग बधिर करून, झाल्या होत्या. भूलतज्ज्ञांचा जेथे दुष्काळ आहे तेथे ही बाब जाळीच्या किमतीइतकीच मोलाची आहे.
अडचण एवढीच की हे कापड १२१ अंशांपर्यंत टिकते आणि १३४ अंशांना आक्रसून कडक होते. त्यामुळे तंत्रज्ञांचे म्हणणे खरे असेल, तर काकांनी कापड आणून उपयोग नाही.
– डॉक्टरकाका

डॉक्टरकाका,
दोंडाईच्याचा उल्लेख केल्याबद्दल समस्त खानदेशकरांच्या वतीने आभार. माझ्या आजोबांनी ‘पेरणी झाली की बघू’, मग ‘कापणी झाली की बघू’ असे म्हणत कित्येक हंगाम हर्निया पट्ट्यावर रेटला आणि अखेर आतडे अडकल्यावर त्यांना रात्री बैलगाडीतून न्यावे लागले. शिबिरात येणारे शेतकरीही हेच करत आले आहेत, तेव्हा ‘तातडीचे नाही’ म्हणून यादीतून नावे कमी करू नयेत, अशी विनंती आहे.
– खानदेशकर

सर्वांस नमस्कार.
यादीचा विषय नंतर घेऊ. प्रश्न ऑटोक्लेव्हचा आहे. बटण बिघडले म्हणून कापड रद्द करण्याचे कारण नाही. आपल्याकडे तालुक्याच्या दवाखान्यांत स्टोव्हवर ठेवायचा उभा ऑटोक्लेव्ह असे. तो म्हणजे मोठा कुकरच, फक्त शिट्टीऐवजी दाबमापक असतो. समुद्रसपाटीला १५ पौंडांचा दाब दिसला की आत साधारण १२१ अंश होतात. परंतु शिबिराचे ठिकाण सुमारे अकराशे मीटर उंचीवर आहे आणि तेथे काटा १५ वर असताना तापमान ११९ च्या आसपासच राहील. म्हणून काटा जवळपास १७ पर्यंत न्यावा लागेल आणि त्यापूर्वी आतील हवा पूर्णपणे बाहेर गेली पाहिजे. असे भांडे आमच्या कारखान्याच्या दवाखान्यात पडून आहे आणि त्याचे रबर बदलून देण्याची जबाबदारी मी घेतो.
– अभियंता, जिंजा रस्ता

अभियंता महोदय,
आपला हिशोब योग्य असला, तरी निर्जंतुकीकरण केवळ काटा पाहून होत नसते. पुडक्यात बांधलेल्या सामानाला १२१ अंशांवर अर्धा तास द्यावा लागतो, पुडके कोरडे होऊनच बाहेर यावे लागते आणि प्रत्येक खेपेत रंग बदलणारी चाचणीपट्टी आतल्या तुकड्याजवळ ठेवावी लागते. ओले पुडके मी शल्यगृहात घेणार नाही, मग ते कोणीही पाठवलेले असो. जाळीला जंतुसंसर्ग झाला तर तो बहुधा काही आठवड्यांनी दिसतो आणि तोवर आपण सर्व कंपालात परतलेलो असू. म्हणून कोणत्या रुग्णाला कोणत्या खेपेतील तुकडा बसवला, याची नोंद रुग्णालयाच्याच वहीत झाली पाहिजे आणि भांडे कसे चालवावे, हे तेथील सिस्टरांना शिबिरापूर्वी शिकवले पाहिजे. ते काम माझ्याकडे द्यावे. अभियंत्यांनी शल्यगृहाबाहेर थांबावे.
– सिस्टरकाकू

सिस्टरकाकूंशी पूर्ण सहमत, आणि जबाबदारी त्यांचीच. खजिनदारसाहेब, शिल्लक रक्कम जाळीऐवजी बोटाला लावायच्या ऑक्सिजनमापकावर खर्च करता येईल. जागेवरच्या भुलीतही औषधाची मात्रा चुकली तर ते वेळीच कळले पाहिजे. ज्या लाइफबॉक्स या सेवाभावी संस्थेकडून तो घ्यायचा, तिच्या संस्थापकांपैकी अमेरिकेतील शल्यचिकित्सक डॉ. अतुल गावंडे आहेत आणि त्यांचे घराणे उमरखेड तालुक्यातले आहे, एवढे खानदेशकरांच्या माहितीसाठी.
– डॉक्टरकाका

विदर्भाचे अभिनंदन. तथापि जाळीचे श्रेय खानदेशाकडेच राहील.
– खानदेशकर

ऑक्सिजनमापकाला मंजुरी देतो, मात्र दरपत्रक आधी पाठवावे. भांड्याच्या वाहतुकीचा खर्च कारखान्याने सोसावा.
– खजिनदार

सर्वांस कळविण्यात येते की काकांनी कापड आणावे. अभियंता महोदयांनी रविवारपर्यंत भांडे दुरुस्त करून द्यावे. सिस्टरकाकू आधी दोन तुकडे टाकून चाचणी खेप घेतील आणि तुकडे आक्रसले किंवा चाचणीपट्टीचा रंग बदलला नाही, तर जाळी वापरली जाणार नाही. काका, दुकानदाराकडून पावतीवर ‘कीटकनाशकविरहित’ असे लिहून घ्यावे आणि कापड लोणच्याच्या बरण्यांपासून वेगळ्या पिशवीत ठेवावे.
– सचिव