मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई : अनोळखी माणसं तुमच्याशी कशी वागली?

मुंबई भारी की दिल्ली, हा वाद शेवटी वडापाव आणि छोले-भटुऱ्यांवर येऊन अडतो. ते इथे नको. एकापेक्षा जास्त शहरांत राहिलेल्यांनी तिथल्या अनोळखी माणसांबद्दल लिहा. सुरुवात मी करते.

मी डोंबिवलीची. लेडीज डब्यात चढलं की बसलेल्या बाईला विचारायचं, "कुठे उतरणार?" ती "घाटकोपर" म्हणाली की तिच्यामागे ती सीट आपली. मध्ये कोणी घुसलं तर अख्खा डबा आपल्या बाजूने भांडतो. नोकरीसाठी दिल्लीला गेले. मेट्रो झकास, थंडगार, पण राजीव चौकला उतरणाऱ्यांच्या आधी चढणारे आत! अंधार पडल्यावर एकटीने रिक्षा करताना जीव मुठीत. ही भीती मला मुंबईने कधी दिली नव्हती. पण तापाने फणफणले तेव्हा घरमालकीण आंटींनी बरी होईपर्यंत दोन्ही वेळचं जेवण वर पाठवलं, वर हक्काने रागावल्याही. मुंबईकर मदत करतो आणि पुढच्या गाडीने निघून जातो. दिल्लीकर घरात घेतो.

प्रतिसाद : पुणे, मग कोलकाता
बाई उतरायची असली की कंडक्टर बसच्या पत्र्यावर थाप मारून ओरडतो, "आस्ते, लेडीज!" पत्ता विचारला की चार जण जमतात आणि रस्ता कोणता जवळचा यावर त्यांचंच जुंपतं. आमचे घरमालक दिल्लीचं नाव निघालं की 1911 साली राजधानी हलवल्याचा विषय काढायचे, तेही पोटतिडकीने.

प्रतिसाद : नागपूर, मग मुंबई
26 जुलै 2005. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस. कमरेएवढ्या पाण्यातून चालताना लोकांनी दोर धरून आम्हाला पलीकडे नेलं, कुणी चहा-बिस्किटं दिली. ते उपकार विसरणार नाही. पण त्यालाच 'मुंबई स्पिरिट' म्हणून मिरवायचं आणि मिठी नदीचं पात्र कोणी बुजवलं ते विचारायचं नाही, हे मला मान्य नाही.

प्रतिसाद : ठाणे, मग चेन्नई
वरच्या प्रतिसादाशी सहमत. डिसेंबर 2015 च्या पुरात आम्ही वेलाचेरीत अडकलो होतो. कोळ्यांनी समुद्रातल्या होड्या गल्लीत आणून माणसं काढली. मला तमिळ येत नव्हतं, तरी आधी माझ्या आईला उचलून होडीत बसवलं. पैसे देऊ केले तर हात जोडले. मुंबई स्पिरिटचे गोडवे गाणाऱ्यांनी या कोळ्यांचंही नाव घ्यावं.